सांचीच्या कठड्यावरचीं नांवें

या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊकच आहे कीं, आमच्या कुलाचा वृत्तांत छापण्याचें काम गेलीं चार वर्षें चाललें असून त्यांतील एका शाखेच्या वंशावळीचें संपादन आमच्या गळ्यांत पडलेलें आहे. गळ्यांत पडलें म्हणण्याचें कारण एवढेंच कीं, घरांतील जो मनुष्य मासिकांत लिहितो त्याला शुद्धलेखन येत असलेंच पाहिजे, अशी नातलगांची एक भाबडी समजूत असते. त्यामुळें हल्लीं आम्ही कोठेंही निघालों तरी छापखान्यांतून आलेलीं मुद्रितें आमच्या पिशवींत असतात. गेल्या मार्गशीर्षांत भोपाळास एका लग्नासाठीं गेलों तेव्हांही तीं बरोबर होतीं. आणि पुढील हकीकतीशीं त्यांचा संबंध येणार असल्यामुळें आरंभींच त्यांची वर्दी देऊन ठेवितों.

लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. तरुण मंडळी तलावावर जाण्याचे बेत करीत होती. आम्हीं विदिशा व सांची पाहण्याचें ठरविलें. हें ऐकून आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "मीही येतें." काकूंचें वय ८१ वर्षांचें. सांचीचे अवशेष टेंकडीवर आहेत, चालावें लागेल, गुडघ्यांस त्रास होईल, असें आम्हीं परोपरीनें सांगून पाहिलें. त्यांनीं शांतपणें विचारलें, "गुडघे माझेच ना? मग त्यांची काळजी मी करीन. तूं मोटारीची कर." यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. लग्नांतले उरलेले लाडू, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी असा डबा घेऊन सकाळीं सात वाजतां आम्ही निघालों.

रस्त्यांत एके ठिकाणीं कर्कवृत्त ओलांडल्याची खूण केलेली आहे. तेथें उतरून काकूंनीं एक पाय उत्तरेस व एक दक्षिणेस ठेवला, आणि भूगोलाच्या पुस्तकांतली ही रेघ एकदांची पायाखालीं आली, असें समाधानानें सांगितलें. सांची वाटेंतच लागते. उजाडलेल्या आभाळावर टेंकडीचा तो घुमट दिसला. पण आधीं विदिशा पाहावी व परततांना उन्हें कलल्यावर सांचीस यावें, असा आमचा बेत होता. दोहोंमध्यें अंतर अवघें पांच-सहा मैलांचें आहे.

विदिशेच्या जवळ बेसनगर म्हणून गांव आहे. प्राचीन विदिशा नगरी ती हीच. तेथें एका झाडाखालच्या ओट्याजवळ एक दगडी खांब उभा आहे. आसपासचे लोक त्याला 'खांबबाबा' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचीं पुटें चढून हा खांब इतका जाड झाला होता कीं, १८७७ सालीं जनरल कनिंगहॅम यांनीं तो पाहिला तेव्हां त्याच्यावर लेख आहे याचा त्यांना पत्ताही लागला नाहीं. १९०९ सालीं तें शेंदराचें कवच निघालें आणि आंतून ब्राह्मी अक्षरें बाहेर आलीं. तक्षशिलेचा यवन राजा अंतियाल्किदास याच्याकडून आलेला वकील, दियोनाचा पुत्र हेलिओडोरस, यानें देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज उभारला, असें त्यांत लिहिलें आहे. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीची ही गोष्ट. तो ग्रीक गृहस्थ स्वतःस 'भागवत' म्हणवितो! पुढें १९१३ ते १९१५ या काळांत डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं येथें खोदकाम केलें. थोर रामकृष्णपंतांच्या चिरंजीवांनीं वासुदेवाच्या त्या जुन्या देवळाच्या खुणा शोधाव्या, हा योग आम्हांस मोठा सुखाचा वाटतो.

काकूंस मात्र ग्रीक वकिलापेक्षां दुसऱ्याच गोष्टीचें नवल वाटलें. ज्या राजाकडे हा वकील आला त्याचें नांव लेखांत 'काशीपुत्र भागभद्र' असें दिलेलें आहे. "काशीपुत्र म्हणजे आईच्या नांवावरून?" त्यांनीं विचारलें. आम्हीं होय म्हटलें, आणि आपल्याकडील सातवाहनांचा दाखला दिला: गौतमीपुत्र सातकर्णि, वासिष्ठीपुत्र पुळुमावि. आमचें ज्ञान पाजळण्याची ही उत्तम संधि होती, म्हणून आम्हीं पुढें हेंही सांगितलें कीं, गौतमी, वासिष्ठी हीं नांवें बहुधा त्या राण्यांच्या माहेरच्या गोत्रांवरून आलेलीं असावींत. काकू क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "मग तेंही तिचें नांव नव्हेच. माहेरच्या गोत्राची नुसती चिठ्ठी." आमच्या ज्ञानाच्या दिव्यांतलें तेल तेथेंच संपलें. गौतमीचें स्वतःचें 'बलश्री' हें नांव नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेलें आहे, हें आम्हांस सुचलें तें मोटारींत बसल्यानंतर!

उदयगिरीचीं लेणीं आम्हीं धांवतींच पाहिलीं. येथील प्रचंड वराहमूर्तीवर कोणीही एक स्वतंत्र लेख लिहावा. दांताच्या आधारानें पृथ्वीला वर काढणारा तो देव आणि त्याच्या मागें ओळींनीं उभे असलेले ऋषि व देवगण. जवळच्या लेण्यांत गुप्त संवत् ८२, म्हणजे इ. स. ४०१-४०२ या सालचा, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळचा लेख आहे. पण सूर्य डोक्यावर आला होता आणि काकूंनीं भुकेची वेळ झाल्याचें एकवार सुचविलें होतें. झाडाच्या सावलींत डबा उघडला. वराहासमोर बसून बटाट्याची भाजी खाणें हें रसिकतेचें लक्षण आहे कीं नाहीं, हें वाचकांनींच ठरवावें.

सांचीच्या टेंकडीवर पोहोंचलों तेव्हां दोन वाजले होते. मोटार बरीचशी वर जाते, ही काकूंच्या गुडघ्यांवर सरकारची कृपाच म्हणावयाची. येथील थोरल्या स्तूपाचा व्यास सुमारें १२० फूट व उंची ५४ फूट आहे. आंतला मूळचा विटांचा स्तूप अशोकाच्या वेळचा. त्यावर दगडाचें आवरण, भोंवतींचा कठडा आणि शेवटीं चार तोरणें, हें सर्व पुढील दोन-अडीच शतकांत होत गेलें. मधल्या काळांत ही टेंकडी ओसाड पडली, रान माजलें. १८१८ सालीं जनरल टेलर यांना ती दिसली, आणि मग तिच्या दुर्दशेस खरा आरंभ झाला. १८२२ सालीं कॅप्टन जॉन्सन यांनीं ठेव्याच्या आशेनें स्तूप एका बाजूनें वरपासून खालपर्यंत फोडला. आंत कांहीं सांपडलें नाहीं, मात्र पश्चिमेचें तोरण व कठड्याचा भाग कोसळला. १९१२ ते १९१९ या काळांत सर जॉन मार्शल यांनीं हें सारें पुन्हां उभें केलें. भोपाळच्या बेगम साहेबांनीं या कामीं सढळ हातानें पैसा पुरविला, याचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल.

तोरणांवरील कोरीव कामाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, तें आम्ही पुन्हां करीत नाहीं. दक्षिणेच्या तोरणापाशीं मात्र मराठी मनुष्यानें थोडा वेळ थांबलेंच पाहिजे. त्याच्या वरच्या आडव्या तुळईवर राजा श्रीसातकर्णि याच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीपुत्र आनंद, याचें दान म्हणून लेख आहे. आमच्या पैठणच्या राजघराण्याची ही खूण. त्याच तोरणाच्या एका खांबावर, हें कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंताच्या कारागिरांनीं केलें, असें लिहिलें आहे. तें वाचल्यावर दगडांतली ती नाजूक नक्षी पाहण्याची आपली दृष्टिच बदलते. फण्या-डब्या कोरणाऱ्या हातांनीं येथें हत्ती व नगरें कोरलेलीं आहेत.

परंतु आमचा त्या दिवसाचा खरा वेळ गेला तो कठड्यापाशीं. हा कठडा साधा आहे. त्यावर चित्रें नाहींत. उभे खांब, त्यांच्या खोबणींत बसविलेल्या आडव्या पट्ट्या व वरती गोलसर माथ्याचे दगड, अशी लांकूडकामाची रीत दगडांत उतरविली आहे. प्रवासी बहुधा त्याच्याकडे न पाहतांच आंत शिरतात. पण जवळ जाऊन पाहिल्यास खांबाखांबावर लहान लहान अक्षरें दिसूं लागतात. हा खांब अमक्याचें दान, ही पट्टी तमकीचें दान! सांचीस असे आठशेंहून अधिक लेख सांपडले आहेत. त्यांत सावकार आहेत, विणकर आहेत, लेखक आहेत, कोठें साऱ्या गांवानें मिळून दिलेलें दान आहे. उज्जयिनीचीं माणसें तर जागोजाग भेटतात. भिक्षु आहेत आणि जवळजवळ त्यांच्या बरोबरीनें भिक्षुणी आहेत. एवढा थोरला कठडा कोणा एका राजानें बांधविलेला नाहीं. तो खांबाखांबानें, पट्टीपट्टीनें जमलेला आहे.

या लेखांचा आणखी एक उपकार आहे, आणि तो सर्व हिंदुस्थानावर आहे. दोनशें वर्षांपूर्वीं ब्राह्मी लिपि वाचणारा एकही मनुष्य जिवंत नव्हता. फिरोजशहा तुघलकानें दिल्लीस आणविलेल्या खांबावर काय लिहिलें आहे, हें त्याच्या पदरच्या पंडितांसही सांगतां आलें नव्हतें. १८३७ सालीं कलकत्त्याच्या टांकसाळींतले अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनीं सांचीच्या या लेखांचे ठसे पाठविले. प्रिन्सेप यांस दिसलें कीं, हे लेख लहान आहेत, सुटे आहेत, आणि बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनीं होतो. देवस्थानाच्या जागीं इतके लहान लेख कशाचे असणार? दानाचे! मग शेवटचीं दोन अक्षरें 'दानं' अशींच असलीं पाहिजेत. एवढ्या एका तर्कावर 'द' आणि 'न' हातीं लागले, शेवटचा अनुस्वार लागला, आणि थोड्याच दिवसांत दिल्लीचा खांब बोलूं लागला. देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा दोन हजार वर्षांनीं पुन्हां ऐकूं आला, तो या कोण कुठल्या माणसांनीं दिलेल्या दगडांच्या आधारानें.

आम्हीं हें सांगत असतां काकू कठड्याशीं वांकून पाहत होत्या. 'न' म्हणजे आडव्या रेघेवर मध्यभागीं उभी केलेली काठी, आणि 'द' म्हणजे मध्येंच एका बाजूस पोट आलेली उभी रेघ, असें त्यांना हातावर काढून दाखविलें. दगडाला हात न लावतां, हवेंतच बोट फिरवीत त्या एका खांबावरून दुसऱ्यावर गेल्या. तिसऱ्या खांबापाशीं त्या एकदम म्हणाल्या, "हें बघ, दानं." पुढें चौथ्यावर, पुढें सहाव्यावर. अर्ध्या तासांत त्यांनीं अकरा 'दानं' हुडकून काढलीं. एका शाळेच्या सहलींतलीं मुलें त्यांच्या मागें गोळा झालीं आणि तींही हुडकूं लागलीं. आम्हीं ब्राह्मी शिकण्यासाठीं मागें दोन पुस्तकें विकत घेतलीं होतीं. तीं अजून कोरीं आहेत, हें आम्हीं त्या गर्दींत कोणास सांगितलें नाहीं.

"यांत बायका पुष्कळ आहेत म्हणालास," त्या बसल्यावर म्हणाल्या. "त्यांचीं नांवें आहेत?"

खरें सांगावयाचें तर सर्वांचीं नाहींत. कित्येक स्त्रिया 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढ्याच ओळखीनें तेथें उभ्या आहेत. प्रत्यक्ष अशोकाची विदिशेची पत्नी, महेंद्र व संघमित्रा यांची माता, हिलाही सिंहलद्वीपच्या बखरी 'देवी' असेंच म्हणतात. पण पुष्कळ जणींचीं, आणि भिक्षुणींपैकीं बहुतेकींचीं, नांवें मात्र स्वच्छ कोरलेलीं आहेत. कोणत्या गांवची तेंही आहे. आम्हीं तसें सांगितलें.

थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग काकूंनीं विचारलें, "तुझ्या त्या पुस्तकांत मी कशी आहें रे?"

"म्हणजे काय काकू, तुम्ही आहांतच. काकांच्या नांवाखालीं, 'पत्नी' म्हणून."

"कोणत्या नांवानें?"

आम्हीं सासरचें नांव सांगितलें. घरांत गेलीं साठाहून अधिक वर्षें त्यांना त्याच नांवानें ओळखतात; दुसरें एक असेल हें आमच्या कधीं मनांतही आलें नव्हतें. काकू म्हणाल्या, "तें नांव तुझ्या काकांनीं ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें लिहिलें. मला आवडलें होतें, अजूनही आवडतें. पण त्याच्या आधीं अठरा वर्षें मी कोणीतरी होतेंच ना? तांदूळ तर दुसऱ्या दिवशीं शिजवले."

आमच्या समितीचा नियम असा आहे कीं, सुनांचीं सासरचींच नांवें द्यावयाचीं, माहेरचें आडनांव मिळाल्यास द्यावयाचें, आणि कन्यांचीं नांवें 'कोठें दिली' तेवढ्या उल्लेखापुरतीं. हा नियम दुष्टपणानें केलेला नाहीं. पानें वाढतात, खर्च वाढतो, आणि जुन्या पिढ्यांची माहिती मिळत नाहीं, हें सर्व खरें आहे. बैठकींत या नियमाच्या बाजूनें बोललेल्यांत आम्हीही होतों. तेवढें त्या वेळीं बोलून दाखविण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नांवांत, सरकारी कागदपत्रांपुरतें, वडिलांच्या आधीं आईचें नांव लिहिण्याचें ठरविलें आहे. त्या निर्णयाचें याच सदरांत आम्हीं स्वागत केलें होतें. सरकारास उपदेश करणें आम्हांस नेहमींच सोपें गेलें आहे.

टेंकडीच्या पायथ्याशीं वस्तुसंग्रहालय आहे. सर जॉन मार्शल यांनीं १९१९ सालीं तें टेंकडीवर सुरू केलें होतें. पुढें खालीं नवी इमारत झाली. आंत शिरतांच अशोकस्तंभाच्या शिरावरील चार सिंह दिसतात. सारनाथच्या सिंहांचे हे सख्खे भाऊ. यांच्या पायाखालीं मात्र चक्रें नसून हंसांच्या जोड्या आहेत. ज्या खांबावर हे उभे होते त्याचा बुंधा अद्याप दक्षिण तोरणापाशीं आहे. बाकीचा खांब कोणा जमीनदारानें उंसाच्या घाण्यासाठीं फोडला, असें मार्शल साहेबांनीं लिहून ठेविलें आहे. अशोकाची राजाज्ञा आणि गुळाची कढई! काकूंनीं मात्र त्या जमीनदाराची बाजू घेतली. वाचतां येत नव्हतें त्याला दगड तो दगडच, असें त्यांचें म्हणणें.

तोरणांवरून निखळलेल्या वृक्षिकांपैकीं एक भग्न मूर्ति येथें आहे. दुसरी एक लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांत आहे. या स्थानाचें जुनें नांव काकणाव. जो कोणी या काकणावाचें दगडकाम उपटून नेईल, त्याला मातृवधासारख्या महापातकांची गति मिळेल, अशी शापवाणी तोरणाच्या खांबावर कोरून ठेवलेली आहे. ती अक्षरें वाचतां येण्यापूर्वींच नेआणीस आरंभ झाला होता, एवढी सवलत त्या साहेबलोकांस आम्ही देतों. सारिपुत्त व मोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थि १८५१ सालीं येथून निघाल्या, विलायतेस गेल्या, तेथून १९४७ सालीं सुटल्या आणि १९५२ च्या नोव्हेंबरांत टेंकडीवरच्या नव्या विहारांत परत येऊन विसावल्या. त्यांच्या करंड्यांवर नांवें होतीं, म्हणून कोणाच्या अस्थि कोणत्या हें कळलें.

भोपाळास परतावयास रात्रीचे आठ वाजले. जेवण झाल्यावर काकूंनीं चष्मा मागितला, आणि चष्म्याबरोबर मुद्रितें मागितलीं. आमच्या शाखेंत सात पिढ्यांत मिळून ४३ सुना आहेत. काकू पेन्सिल घेऊन एकेका नांवापाशीं थांबत होत्या. स्वतःचें नांव त्यांनीं सर्वांत शेवटीं लिहिलें. आधीं सासूचें लिहिलें, मग धाकट्या जावेचें, मग बाळंतपणांत गेलेल्या एका चुलतसासूचें, जिचा उल्लेख वंशावळींत 'प्रथम पत्नी' एवढाच होता. तिला माहेरीं काय म्हणत हें काकूंना ठाऊक होतें, कारण त्यांच्या सासूबाई तिची आठवण काढीत तेव्हां त्याच नांवानें काढीत. साडेदहापर्यंत १७ नांवें झालीं. चार ठिकाणीं त्यांनीं प्रश्नचिन्ह घातलें, आणि त्यापुढें कोणाला विचारावें तें लिहिलें: एका ठिकाणीं वाईचें एक घर, एका ठिकाणीं बडोद्याच्या वन्सं.

मुंबईस आल्यावर आम्हीं समितीच्या चिटणिसांस मुद्रितें पाठविलीं व नियम बदलण्याविषयीं सूचना केली. ती येत्या बैठकींत चर्चेस येणार आहे. खर्चाचा आंकडा छापखान्यानें कळविला आहे. तो थोडा नाहीं. वाईचें व बडोद्याचें उत्तर आलें. उरलेल्या दोन सुनांचीं माहेरें इंदूर आणि सागर येथें होतीं. तेथें त्या आडनांवाचीं जीं घरें सांपडलीं त्या सर्वांस पत्रें घातलीं आहेत, आणि काकू रोज दुपारीं टपाल आलें का म्हणून विचारतात.